बिनआवाजाचं विमान

विमान आलं की आवाज होतो, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. आमच्या रानावरून कैक जातेत. सुलाबाईचा तीन वर्षाचा नातू भाकर टाकून अंगणात पळतो अन् वर बोट करतो. आवाज आला की मान वर होतीच, ते कुणी शिकवावं लागत न्हाई. मग खांद्यावर पितळी फुल्या लावून फिरणाऱ्या साहेब लोकांना हे कळू नये? का कळूनच घ्यायचं नव्हतं?

मी वच्छलाबाई. झरीहून जिंतूरकडं निघालं की डाव्या अंगाला आमची वस्ती लागती. घरात आमचे मालक अप्पाराव, लेक आदिनाथ अन् सून प्रियंका. प्रियंका आता न्हाई. लष्कराचं विमान आमच्या सोयाबीनमधी पडलं त्यात ती गेली. गेलेलं माणूस कागदानं वापस येत न्हाई, एवढी अक्कल मला हाय. पण सरकारी कागदावर तिच्याबद्दल एक ओळ लिहिली, अन् ती माझ्या तोंडची म्हून लिहिली. ती ओळ मला खोडून पायजे होती. दुसरं काही मागितलं असंल तर माझी जीभ झडो.

त्या दिवशी सोमवार होता. सोयाबीन वाळून खडखड वाजायलं होतं. दोन दिवसापून आभाळ येऊन जायलं होतं, अन् परतीचा पाऊस एकदा बसला की उभ्या रानात शेंगा मोड धरतेत. मजूर मिळंना. निम्मं गाव ऊसतोडीला जायच्या गडबडीत, बाकीच्यांचं सोयाबीन आमच्यासारखंच उभं. म्हून मी, प्रियंका अन् भावकीतली सुलाबाई अशा तिघीच रानात. मालक विहिरीवर मोटारीचा पाइप बसवायले होते. आदिनाथ मळणीयंत्राचा नंबर लावायला झरीला गेलता.

प्रियंकाला मोबाइलचा नाद होता. खोटं काऊन बोलू? कानात ते वायरी घालायची अन् गाणे लावायची. मी हाक मारून मारून घसा कोरडा करायचे अन् ही आपली भांडे घासायली. "अगं, भाकर करपायली, ते डबडं ठेव की!" रोजचं होतं आमचं. त्या दिवशी रानात पाय ठेवताच मी ते तिच्या हातून हिसकून घेतलं, वायरीसगट भाकरीच्या फडक्यात गाठ मारून बांधलं अन् लिंबाच्या फांदीला अडकवलं.

"दिवस मावळंपर्यंत हात लावायचा न्हाई."

"आत्या, तुमी ठाण्यातल्या जमादारापेक्षा कडक हायसा," म्हणली अन् हसली. आदिनाथच्या जुन्या पायमोज्याचे पंजे कापून तिनं दोन्ही हातात चढवले, शेंगांचे टोकं बोचू नयेत म्हून. विळा घेतला अन् पात धरली.

पात म्हंजी एकीनं चार तास, म्हंजी चार ओळी, घ्यायचे अन् ह्या बांधाच्या धुऱ्यापून त्या धुऱ्यापर्यंत कापत न्यायचे. एकदा पात धरली की मधी कंबर सरळ करायची न्हाई. मधी उभी राह्यली ती मागं पडली, अन् मागं पडली की बाकीच्या तिला दिवसभर सोडत न्हाईत. माझ्या सासूनं मला असंच शिकवलं, मी प्रियंकाला शिकवलं. पहिल्या वर्षी ती रडली होती. "कंबर मोडली आत्या, जरा उभी राहू द्या." मी म्हणले, "पातीत उभं राहायचं न्हाई." दुसऱ्या वर्षी तिनं आमा दोघींना मागं टाकलं. त्या दिवशी बी ती दहा-बारा हात पुढं होती. खाली मान, वर कंबर, विळा खर्र खर्र चाललेला. वाळलेलं सोयाबीन मुठीत धरलं की शेंगा अशा खुळखुळतेत की शेजारची बोललेली बी ऐकू येत न्हाई.

मला आवाज आला न्हाई. पहिली सावली आली. पाठीवरचं ऊन एकदम गेलं. मी म्हणले आभाळ आलं. मग डोक्यावरून वारं गेलं, सुपानं पाखडल्यावानी, अन् पुढं धाडकन जमीन हादरली. मी तोंडावर पडले. तोंडात माती, डोळ्यात माती. उठून बघते तर समोर काहीच दिसंना, नुसता फुफाटा.

फुफाटा बसला तेव्हा दिसलं. एक पंख धुऱ्याच्या अलीकडं मोडून पडलेला, अन् मधलं धड सोयाबीन नांगरीत आडवं जाऊन थांबलेलं.

विमान पडलं म्हंजी आता पेटणार, असंच सगळ्यांना वाटलं. सिनेमात तसंच दाखवतेत ना. शेजारच्या रानातून माणसं घागरी घेऊन पळत आले. भुजंग, आमचा पोलीस पाटील, फवाऱ्याचा पंप पाण्यानं भरून पाठीवर घेऊन आला. मालक तर विहिरीवरून अनवाणी आले, धसकटात पाय चिरले तरी थांबले न्हाईत. पेटायच्या आत आतल्या माणसाला काढा म्हून सगळे त्या काचंवर तुटून पडले. मी बी पळाले. मी बी! प्रियंका कुठाय, हे माझ्या मनात आलं न्हाई असं न्हाई. आलं. पण मी म्हणले, भेलं असंल पोरगं, लिंबाकडं पळालं असंल.

मालकानं अन् भुजंगनं त्या पायलटला ओढून काढलं. कोवळं पोरगं, आमच्या आदिनाथच्याच वयाचं. कपाळ फुटलेलं, एक हात लोंबायला. मालक त्याला काखेत धरून "चल बाबा, पेटंल, लांब चल" करायले. तर ते पोरगं काय म्हणलं?

"आग नहीं लगेगी, बाबा. तेल ही नहीं है."

मालकानं ऐकलं. भुजंगनं ऐकलं. मी चार हातावर होते, मी ऐकलं. पंपाचं पाणी तसंच भुजंगच्या पाठीवर राह्यलं. ठिणगी न्हाई, धूर न्हाई. मालकाला इंजनाच्या डिझेलचा वास अर्ध्या कोसावरून येतो, त्यांनी नाक वर केलं, कशाचाच वास न्हाई. कोरडं ठणठणीत होतं सगळं.

मग सुलाबाई ओरडली. तिच्या हातात पायमोज्याचा पंजा होता.

त्या मोडक्या पंखाखाली होती माझी सून. तिथपर्यंत तिची पात आलती. विळा हातातच होता. तिला बाहेर काढली तोवर मालक पायलटला आमच्याच बॉटलीतलं पाणी पाजायले होते. त्यांना कुणी सांगंना. सांगितलं तेव्हा त्यांनी बॉटलीचं झाकण लावलं, ती खाली ठेवली अन् तिथंच बसले. अजून बी मधीच म्हणतेत, "मी पायलटला पाणी पाजत बसलो गं." मी त्यांना काय सांगावं? मी बी तिच्याकडं पाठ करूनच पळाले होते.

आता आमच्यात बाई गेली की नुसतं रडत न्हाईत. तिच्याशी बोलून रडतेत. नाव घेऊन, तिच्या खोड्या काढून, ज्याच्यावरून भांडलो तेच आधी आठवून हेल काढतेत. माझ्या तोंडी काय येणार होतं? मी तिचं डोकं मांडीवर घेतलं अन् रडले, "मोबाइल मोबाइल करत गेलीस गं माझे बाय! कानात गाणे घालायचीस, माझी हाक ऐकायची न्हाईस! आता किती बी हाका मारल्या तरी ऐकू येईना गं तुला! आता मी कुणाचा मोबाइल हिसकू गं!" शुद्ध कुणाला होती? बाया मला धरायल्या होत्या. अन् तिथं, आमच्या सोयाबीनवर बूट ठेवून, ठाण्यातला जमादार मांडीवर पॅड धरून लिहायला होता.

त्या दिवशी रानाला दोरी बांधली. बंदूकवाले शिपाई उभे केले. आमच्याच रानात आमाला जायची बंदी. कापलेल्या सोयाबीनचे ढीग दोरीच्या आत, अन् पाचव्या दिवशी पाऊस आला. मालक दोरीपाशी ताडपत्री घेऊन उभे राह्यले. "साहेब, झाकू तर द्या." शिपाई म्हणला, ऑर्डर नाही. ढिगाला मोड आले. आमी काही बोललो न्हाई. ज्या घरचं माणूस गेलं त्यांनी सोयाबीन सोयाबीन करावं का? नवव्या दिवशी ट्रक आले अन् विमानाचे तुकडे ताडपत्रीखाली झाकून घेऊन गेले. त्यांना ताडपत्री मिळाली.

तेराव्याला विहीणबाई आल्या, प्रियंकाची आई. रोहिणी नाव त्यांचं, जिंतूरकडच्या. जेवणं उरकले अन् त्यांच्या भावानं ठाण्यातून आणलेला कागद काढला. आदिनाथच्या हातात दिला. "वाचा जावईबापू, मोठ्यानं वाचा."

आदिनाथ वाचायला लागला. "मयत ही मोबाइलवर गाणी ऐकण्यात गुंग असल्याने तिला विमानाचा आवाज ऐकू आला नाही व ती बाजूला झाली नाही, असे तिची सासू वच्छलाबाई हिने समक्ष सांगितले." खाली अंगठा.

विहीणबाई माझ्यापुढं येऊन बसल्या. त्या ओरडल्या न्हाईत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जिवंत होती तवा बोललात ते बोललात. मेल्यावर तरी तिचा मोबाइल सोडायचा होता, वच्छलाबाई."

"विहीणबाई, मी असं बोलले न्हाई. मी रडले."

"मग लिहिणाऱ्याला स्वप्न पडलं का?"

त्या पाण्याला बी न शिवता गेल्या. आदिनाथनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. त्या दिवसापून त्यानं माझ्या हातचं खाल्लं न्हाई. सुलाबाईकडं जेवायचा. माझ्याकडं बघायचा न्हाई. माझ्या पोटचं पोर, अन् मी वाढलेलं ताट तसंच झाकून राहायचं.

अन् अंगठा! मला सही येते. बचत गटात सात वर्ष झाले मी सही करते, वेलांटी काना सगळं घालून. अंगठ्याला शाई लागलेली मी प्रियंका गेली त्या दिवशी संध्याकाळी बघितली होती, हात धुताना. मला वाटलं कशाचं तरी काळं लागलंय. बेशुद्ध बाईचा अंगठा धरून टेकवला होता लोकांनी.

मी ठाण्यात गेले. एकदा न्हाई, तीनदा. यष्टीनं जायचं, दारापाशी फरशीवर बसायचं. पहिल्या दिवशी जमादार भेटलाच न्हाई. दुसऱ्या दिवशी भेटला, तर चहा पीत म्हणला, "बाई, तुम्हीच बोललात. दहा लोकांनी ऐकलं."

"मी रडत होते, साहेब."

"रडताना माणूस खोटं बोलतं का?"

तिथला एक शिपाई हसला. तिसऱ्या दिवशी ते फडकंच घेऊन गेले. गाठ तशीच होती, आत मोबाइल, वायर, अन् वाळून कडक झालेली भाकर. त्याच्यापुढं टेबलावर ठेवलं. "हे बघा. लिंबाला होतं. सकाळपून तिनं हात लावला न्हाई. मीच बांधलं होतं."

त्यानं पेनाच्या टोकानं फडकं बाजूला सारलं. "हे नंतर बांधलं नाही कशावरून? अन् आता काय उपयोग, बाई? कागद वर गेला. लष्कराचे साहेब येणार आहेत, त्यांना सांगा."

"त्यांना सांगते," मी म्हणले. "पण भाकरीला पेन लावू नका."

बाविसाव्या दिवशी साहेब आले. दोन जीपा. तिघं साहेब, टेप, कॅमेरा, अन् आमचा जमादार त्यांच्यामागं पॅड घेऊन. एक मोठे साहेब, पांढऱ्या मिशांचे, हिंदी बोलणारे. एक तरुण साहेब, तो मराठी होता, साताऱ्याकडचा असावा बोलण्यावरून. सगळी वस्ती धुऱ्यावर जमली. आदिनाथ लिंबाखाली उभा, हाताची घडी घालून.

मोठे साहेब मला "माताजी" म्हणले. लय दुःख झालं म्हणले. मग त्या मराठी साहेबानं तीच ओळ वाचली अन् विचारलं, "हे बरोबर आहे ना, मावशी?"

"न्हाई."

"पण तुम्ही तेव्हा..."

मालक पुढं झाले. बावीस दिवसात ते कुणाशी धड बोलले नव्हते. "साहेब, पायलटनं मला सांगितलंय, तेलच न्हाई म्हून. मी फवाऱ्याच्या पंपात पेट्रोल घालतो तवा बी झाकण उघडून, किती हाय ते आत काडी घालून बघतो. दोन एकराच्या फवारणीला. तुमी आभाळात माणूस धाडला अन् काडी घालून बघितली न्हाई?"

मराठी साहेबाचं तोंड लाल झालं. "काका, तो तांत्रिक भाग आहे. त्याची चौकशी चालू आहे. आत्ता आपण फक्त मावशींच्या जबाबाचं..."

तांत्रिक! माझी सून बी तांत्रिक का मग? मी सुलाबाईच्या हातातला विळा घेतला. जमादार दोन पावलं मागं सरला. त्याला वाटलं बाई आता काही करती.

"चला," मी त्या मराठी साहेबाला म्हणले.

"कुठं?"

"पातीत."

धुऱ्याच्या कडंला एक पट्टा तसाच उभा होता. प्रियंकाची पात जिथं थांबली तिथून पुढचा. कुणी त्याला विळा लावला नव्हता, मी लावू दिला नव्हता. पावसानं काळा पडलेला, पुन्हा उन्हानं वाळून खुळखुळा झालेला. मी साहेबाच्या हातात विळा दिला. तो मोठ्या साहेबाकडं बघायला लागला. मोठे साहेब काहीतरी इंग्रजीत बोलले अन् मान हलवली. करून घे, म्हणले असतील, बाईचं समाधान होईल.

"टोपी काढा. वाका. अजून वाका, गुडघ्यावर न्हाई, कंबरेत. मूठ धरा. आता कापा. धुरा येईपर्यंत कंबर सरळ करायची न्हाई. ती करत नव्हती."

तो कापायला लागला. आडदांड पोरगं, पण चार मुठीत घामाघूम झालं. शेंगा वाजायल्या, विळा खर्र खर्र. मी धुऱ्यावरच्या लोकांना तोंडावर बोट ठेवून गप केलं अन् मागं मागं वीस पावलं गेले. चप्पल काढली न्हाई. बांगड्या वर सारल्या न्हाईत. सरळ चालत आले, धसकटं मोडत, अठ्ठावन्न वर्षाची जड बाई. सगळी वस्ती बघायली, मोठे साहेब बघायले. त्याच्या पाठीशी आले अन् त्याच्या दोन्ही खांद्यांमधी हात ठेवला.

तो दचकून असा फिरला की विळा त्याच्या हातून पडला. डोळे मोठे झालेले. छाती भात्यावानी खालीवर.

"मी आले तवा आवाज आला का, साहेब?"

"नाही," तो म्हणला. मग हळू म्हणला, "नाही आला आवाज."

"मी बांगड्या घालून आले. त्या विमानाचं इंजन बंद होतं. माझ्या सुनंच्या कानात काही नव्हतं, कान उघडे होते. ऐकायलाच काही नव्हतं. लिहा."

"मावशी, मी असं कसं..."

"तुमीच बोललात, साहेब." मी धुऱ्याकडं हात केला. "चाळीस लोकांनी ऐकलं. मी रडताना बोलले ते कागदावर चढतं, अन् तुमी शुद्धीत बोललेलं चढत न्हाई?"

जमादार पॅड छातीशी धरून खाली बघायला. मोठ्या साहेबाला हे सगळं किती कळलं कोण जाणे, पण ते लय वेळ त्या पडलेल्या विळ्याकडं बघत होते. मग त्यांनी जमादाराच्या हातातलं पॅड काढून घेतलं अन् त्या पोराला दिलं. "लिखो," म्हणले.

लिंबाखाली बसून त्यानं लिहिलं. मी एकेक बोलले, त्यानं एकेक लिहिलं. मयत ही काम करत होती. मोबाइल झाडाला बांधलेला होता. इंजन बंद असल्याने विमानाचा आवाज आला नाही. आधीचा जबाब सासूने दिलेला नाही, तो तिचा शोक होता. मालकाचं अन् भुजंगचं बी लिहिलं, पायलट जे बोलला ते हिंदीत जसंच्या तसं. तेल कुणी भरलं न्हाई, ते मात्र कुणी सांगितलं न्हाई. मी विचारलं. मोठे साहेब म्हणले, जांच होगी. त्यांच्या जांचंला बावीस दिवस झाले होते तवा, अजून बी व्हायलीच हाय. माझी सून मेलीय हे त्यांना एका दिवसात कळलं होतं, अन् कुणामुळं मेली तेबी एका दिवसातच कागदावर आलं होतं.

जमादारानं सवयीनं शाईची डबी पुढं केली. मी त्याच्या हातून ती घेतली, झाकण लावलं, अन् त्याच्याच पुढ्यात ठेवली. मग पेन घेऊन सही केली. वेलांटी, काना, सगळं.

जीपा गेल्या. आदिनाथनं त्या कागदाचा फोटो काढला होता. तो माझ्याजवळ येऊन बसला. त्यानं फडक्याची गाठ सोडली, प्रियंकाचा मोबाइल काढला, तो बंदच होता. पुन्हा बांधला. मग आपला मोबाइल काढून जिंतूरला लावला, स्पीकर चालू केला अन् त्याच्यावरच कागदाचा फोटो काढून माझ्यापुढं धरला. "आई, तू वाच."

मला वाचायला वेळ लागतो. अक्षराला अक्षर जोडून वाचावं लागतं. तिकडून विहीणबाई "हॅलो, कोण? जावईबापू?" करायल्या.

"वच्छला बोलायले. कागद झालाय. ऐका." अन् मी आदिनाथनं पुढं धरलेल्या फोटोवर बोट ठेवून वाचलं. म-य-त ही. का-म. करत होती. आदिनाथ मधी बोलला न्हाई, चुकले तिथं बी न्हाई. शेवटची ओळ बी वाचली.

मग त्या रडल्या. बावीस दिवसात पहिल्यांदा मोकळ्या झाल्या असतील. "लेकरा, पाय दुखतेत म्हणायचीस गं! शेतात देऊ नका म्हणायचीस गं मला! मीच दिली गं तुला, मीच..." अन् एकदम थांबल्या. हुंदका गिळल्याचं मला इकडं ऐकू आलं. भेल्या होत्या. आपण काय बोललो ते त्यांना बी कळलं होतं.

"रडा विहीणबाई," मी म्हणले. "काय बी बोलून रडा. इथं लिहिणारं कुणी न्हाई."